कसबा पेठेत भाड्याने राहणं : बरेच महिने काढल्यानंतरचा अनुभव

आधी पुण्यातच बाणेरला सोसायटीत राहायचो. लिफ्ट, जिम, क्लबहाऊस, सगळं होतं, फक्त खाली माणूस म्हणून दिसायचा तो डिलिव्हरीवाला. पावसाळ्याच्या तोंडावर कसबा पेठेत वन बीएचके घेतला. जुना वाडा पाडून बांधलेली बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऑफिसातल्या लोकांनी वेड्यातच काढलं. आता पावसाळा, गणपती, दिवाळी, थंडी सगळं इथेच काढून झालंय म्हणून लिहितोय, कारण पेठेबद्दल शोधायला गेलं तर एकतर वाड्यांच्या दरवाज्यांचे फोटो सापडतात नाहीतर पार्किंगची रडारड. दोन्ही खरंय, पण रोज राहणाऱ्याला यापेक्षा वेगळंच काहीतरी मिळतं. इथे लोक काम करताना दिसतात. म्हणजे अक्षरशः दारात बसून, तुमच्या समोर, आणि त्यांना त्याचं काही कौतुक नसतं.

तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीचंच घ्या. घर बघायला गेलो तेव्हा ठकठक ऐकून वाटलं कुठेतरी कन्स्ट्रक्शन चालू असेल, नंतर कळलं की हे रोजचंच आहे. त्वष्टा कासार मंडळी पेशवाईच्या काळात कोकणातून इथे आली असं सांगतात, आणि बंब, घंगाळं, कळशा करता करता आता हॉटेलवाल्यांसाठी दिवे आणि कुंड्याही करतात. बऱ्याच भांड्यांचा मूळ आकार आता मशीनवर काढतात पण मठारायचं, म्हणजे ठोकून ठिपके उठवायचं, काम हातानेच. भांडं लोखंडी दांड्यावर अडकवायचं, हातोड्याचं तोंड घासून आरशासारखं चकचकीत केलेलं असतं, आणि एकाला लागून एक ठोका, ओळीने, भांडं फिरवत फिरवत. मला वाटायचं ते चमकणारे ठिपके नुसते शोभेला आहेत, तर तसं नाहीये, भट्टीत तापवलं की तांबं मऊ पडतं आणि थंड असताना ठोकलं की परत कडक होतं, म्हणजे त्या ठिपक्यांनीच भांड्याला ताकद येते. एका काकांना विचारलं, इतके ठोके, लक्ष कसं राहतं ओ? मान वर न करता म्हणाले, "बघून नाही कळत, ऐकून कळतं. पत्रा सारखा बसला नाही की आवाज बदलतो." तेव्हापासून मीपण ऐकायला लागलोय, मला अर्थातच काही कळत नाही, पण कळशी चालू आहे की परात एवढं आता खिडकीतून ओळखता येतं (बहुतेक वेळा). वर्क फ्रॉम होमच्या दिवशी मीटिंगमध्ये म्यूट करून बसावं लागतं, ते जाऊ दे.

मंडई इथून चालत अंतरावर. ही इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. गंमत म्हणजे यावर एवढा खर्च नको, तो पैसा शिक्षणाला लावा असं नगरपालिकेत म्हणणाऱ्यांत खुद्द जोतिराव फुले होते आणि आज नाव त्यांचंच आहे. आत गेलं की आधी वर बघा, छत इतकं उंच आहे की एप्रिलमध्येसुद्धा आत बरं वाटतं, मग खाली बघा. भाजी रचणं हे काय काम असतं ते मला इथे समजलं. मावशी ओट्यावर मांडी घालून बसतात, मेथीच्या जुड्यांची देठं सगळी एका बाजूला, त्यावर पाण्याचा शिपका, लिंबांचा ढीग असा की खालचं काढलं तरी वरचं घसरत नाही, आणि हे सगळं एकीकडे गिऱ्हाइकाशी भांडत. भाव सुपरमार्केटपेक्षा दरवेळी कमी असतात असं अजिबात नाही. मी "हे पाव किलो कमी वाटतंय" म्हटलं तर मावशींनी तराजू माझ्याच हातात दिला. सकाळी लवकर जा, संध्याकाळी सातनंतर धक्के खात फिरावं लागतं.

पाणी. ठरलेल्या वेळेला येतं, टाकी भरून ठेवायची. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पेठांमधल्या हौदांत पाणी आणलं होतं, घरमालक आजोबा हे दर वेळी नव्याने सांगतात आणि शेवटी मोटर बंद करायला विसरू नका म्हणतात.

वाईट गोष्टी पटकन सांगतो. चारचाकी असेल तर येऊच नका. दुचाकी रात्री दहानंतर कुठे लावायची हा रोजचा प्रश्न. घरात ऊन येतं ते दुपारी थोडा वेळ, समोरची बिल्डिंग इतकी जवळ की त्यांची फोडणी आपल्या घरात. गणपतीत दहा दिवस झोप विसरा, मानाचा पहिला कसबा गणपतीच आपल्या पेठेत म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करणार. पाहुणे मात्र त्याच दहा दिवसांत येतात, सगळे.

मेट्रोने बराच फरक पडला. सप्टेंबर २०२४ अखेर स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला, कसबा पेठ आणि मंडई दोन्ही स्टेशनं त्यावरच. आता मी ऑफिसला जाताना सिव्हिल कोर्टला बदलतो, गाडी आठवडाभर जागची हलत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला जागेवरून हलवायची भीतीच वाटते.

कुणी बघत असाल तर रूम संध्याकाळी बघा, दुपारी एक ते चार बघितली तर शांत एरिया आहे असं वाटून फसाल. रस्त्याकडची खोली मागा, आतल्या चौकाकडची मिळाली तर भाडं थोडं कमी पडेल पण मग इथे राहून काय बघणार? आणि डिपॉझिट देण्याआधी जिना एकदा गॅस सिलेंडरवाल्याच्या नजरेने बघून घ्या, आमचा माणूस तिसऱ्या मजल्याचे वेगळे पैसे मागतो आणि जिना बघता मला ते बरोबरच वाटतं.