क्विझ अ‍ॅप की स्क्रॅच, वर्गात काय वापरायचं?

क्विझ अ‍ॅपमागचा विचार जुनाच आहे, मानसशास्त्रज्ञ स्किनरने 1958 मध्ये टीचिंग मशीनवर लेख लिहिला तेव्हाचा, म्हणजे छोटा प्रश्न, उत्तर दिलं की लगेच बरोबर-चूक कळतं आणि मग पुढचा प्रश्न. पाढे, स्पेलिंग, सूत्रं यांच्या सरावाला एकदम बेस्ट.

स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची मुलांसाठीची भाषा, तिचं तसं नाही. मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पियाजेसोबत काम केलेल्या सेमूर पॅपर्टने सहकाऱ्यांबरोबर 1967 मध्ये लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा बनवली, त्याच वाटेने 2007 ला एमआयटीतून स्क्रॅच आलं. इथे मूल स्वतः काहीतरी बनवत शिकतं. स्क्रीनवरच्या मांजराला रेघ काढत चौकोनासाठी 90 अंश वळवलं, जमलं, मग समभुज त्रिकोणाला 60 टाकतात आणि रेघ भलतीकडेच जाते, कारण वळायचं असतं बाहेरच्या कोनात, 120 अंश, आणि हे मुलाने स्वतः शोधलं ना की जे डोक्यात बसतं ते कितीही क्विझ घेतल्या तरी बसत नाही असं मला मनापासून वाटतं. फक्त वेळ खूप जातो, आणि शिक्षक वर्गात फिरून प्रश्न विचारत नसतील तर बरीच मुलं नुसतं मांजर नाचवत बसतात.

म्हणून नवी कल्पना असेल तर आधी स्क्रॅच. क्विझ दोन-तीन दिवसांनी घ्या, लगेच नको, आठवायला जरा जोर लागला की जास्त लक्षात राहतं.