शेवाळ काढायला एकटं जावं की जोडीनं?

प्रेशर मशीन घेऊन घरोघरची अंगणं, पायऱ्या, गडगे धुण्याचं काम मी दोन हंगाम एकट्यानं केलं. पुढचे तीन मेहुण्याबरोबर.

एकट्याचं गणित सुटसुटीत. मशीन स्कूटरवर पायाशी, पाईपचं वेटोळं मागे. पैसे सगळे आपले, हिशेब कुणाला द्यायचा नाही. दोघं आणि मशीन स्कूटरवर मावत नाही, म्हणून आम्हाला जुनी ओम्नी घ्यावी लागली. तिचं पेट्रोल, तिचा गॅरेजवाला, सगळं त्याच कमाईतून.

मला हैराण केलं ते पाईपच्या मुडपीनं. आपल्याकडे नळ परसात आणि काम पुढच्या अंगणात. मधे जोत्याचा कोपरा. तिथे पाईप मुडपतो, पाणी तुटतं, मशीनचा आवाज बदलतो. गन ठेवा, मशीन बंद करा, ओल्या शेवाळावरून जपत मागे जा, मुडप सोडवा, परत या. दोन पायऱ्या होतात न होतात तोच पुन्हा. त्यात जांभ्याचं काम नजर हलवू देत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पिणारा दगड, शेवाळ भोकाभोकांत. गन जवळ नेली की सांध्यातला चुना-सिमेंट उडतं. दगडाकडे बघायचं की पाईपकडे?

२०२२ ला गणपती ३१ ऑगस्टला होते. आदल्या आठवड्यात एका चाकरमान्याच्या घरी आजींनी "बाबा, जरा न्हाणीपण बघ" म्हणून हाक मारली. मी वळलो, तेवढ्यात पाईप मुडपला, मशीन कोरडं फिरलं, पंपाचं सील गेलं. सील मिळालं कोल्हापुरात. आंबा घाट चढून-उतरून ऐन हंगामातले दोन दिवस गेले.

आता मेहुणा पाईपवर असतो. घड्याळ लावून कधी बघितलं नाही, पण पूर्वी दोन घरं करून परतताना दिवेलागण व्हायची, आता तीन करून चारच्या चहाला घरी असतो. वाटणी करूनही हातात फार कमी येतं असं वाटत नाही. तुमचं काम सोफे-गाद्यांचं असेल तर कदाचित एकटंच बरं. जमिनीखालच्या टाकीत मात्र, वर माणूस उभा असल्याशिवाय, मी दुप्पट पैसे दिले तरी उतरणार नाही. आत हवाच पुरत नाही.

शिमग्यात मेहुणा पालखीबरोबर. तेवढे दिवस पुन्हा स्कूटर आणि मी, तेही नळ अंगणातच असेल त्या घरापुरतं.