नीटला पहिली, मॅनहॅटनला शेवटची: सहा बाटल्या आणि आठ महिने

सहा व्हिस्क्या नुसत्या आणि कॉकटेलमध्ये अशा दोन्ही तऱ्हेने चाखून बघितल्या, त्याचा निकालच आधी सांगते, कारण आमच्या पाच जणांत यावरून जेवढा वाद झाला तेवढा आजवर दुसऱ्या कशावरून झाला नसेल. जी व्हिस्की नुसती, म्हणजे "नीट", प्यायला पाचपैकी चौघांनी पहिला नंबर दिला, तीच मॅनहॅटनमध्ये (व्हिस्की आणि वरमुथ नावाच्या मसालेदार वाइनचं कॉकटेल) शेवटी आली. आणि जी नुसती पिताना "घशाला लागते" म्हणून मागे पडली होती तिच्या मॅनहॅटनचा ग्लास सगळ्यांनी परत पुढे केला. एकदा झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण आठ महिन्यांत तीनदा करून बघितलं, नावं लपवून, क्रम बदलून, आणि तिन्ही वेळा तेच.

बाटल्या या (कंसात अल्कोहोलचं प्रमाण): मेकर्स मार्क (45%), वाइल्ड टर्की 101 (50.5%), रिटनहाउस राई (50%), रेडब्रेस्ट 12 (40%), मंकी शोल्डर (40%) आणि लाफ्रोएग 10. मुद्दाम वेगवेगळ्या घराण्यातल्या घेतल्या. पहिल्या दोन बर्बन, म्हणजे किमान 51% मका आणि आतून जाळलेलं नवंकोरं ओकचं पिंप, त्या नव्या जळक्या लाकडामुळेच बर्बनला तो व्हॅनिला आणि कॅरॅमलचा वास येतो. रिटनहाउसमध्ये मक्याऐवजी राई (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) जास्त, चव तिखटसर, मिरी-लवंगेकडे झुकणारी. रेडब्रेस्ट आयरिश, तिच्यात मोड आणलेली आणि न आणलेली अशी दोन्ही प्रकारची बार्ली एकत्र असते आणि त्यामुळे घोट जिभेवर जाडसर, तेलकट लागतो (चांगल्या अर्थाने). मंकी शोल्डर म्हणजे फक्त माल्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या) व्हिस्क्यांचं मिश्रण, आणि लाफ्रोएग स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या झाडपाल्याच्या, जळणासारख्या वापरायच्या मातीच्या) धुरावर वाळवलेल्या माल्टची.

टेस्टिंग कसं केलं ते जरा नीट सांगते कारण इथेच बहुतेक जण चुकतात आणि आम्हीही पहिला महिनाभर चुकत होतो. बाटली समोर ठेवून प्यायलं की आपण लेबलच पितो, महाग दिसणारी बाटली आपोआप चांगली लागायला लागते. मग ठरवलं की दर वेळी एकाने आतल्या खोलीत ओतायचं, प्रत्येकी फक्त 15 मिली, ग्लासच्या बुडाला चिठ्ठी आणि वर बशी झाकायची म्हणजे वास आत राहतो. ओतणाऱ्याने त्या दिवशी मत द्यायचं नाही. दोन ग्लासांच्या मध्ये पाणी आणि पाच मिनिटं थांबायचं. लाफ्रोएग कायम शेवटी, कारण तिचा धूर एकदा जिभेवर बसला की पुढचं काही कळत नाही.

त्यात एक प्रकार केला तो फार उपयोगी पडला, तीन ग्लास द्यायचे, दोनात एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कुठली ते ओळखायचं. दोन्ही बर्बन अशा ठेवल्या तेव्हा पहिल्या खेपेला दोघांनाच ओळखता आलं. आणि त्याआधी महिनाभर आम्ही या दोन बर्बनमधल्या फरकावर तावातावाने बोलत होतो! चौथ्या महिन्यात तेच परत केलं तेव्हा सगळ्यांनी ओळखलं. फरक असा की मेकर्स मार्कमध्ये राईच्या जागी गहू असतो, त्यामुळे ती शेवटपर्यंत गोडसर आणि मऊ राहते, आणि वाइल्ड टर्की गिळल्यावर मागून तिखट येते. म्हणजे जीभ तयार होते, फक्त वेळ द्यावा लागतो.

पाण्याबद्दल. नीट म्हणजे एक थेंबही पाणी नाही असा आमच्यातल्या एकाचा हट्ट होता. त्याला चमच्याने मोजून दाखवलं, 15 मिली वाइल्ड टर्कीत अर्धा चमचा पाणी, आणि आधी जिथे नाकात नुसती अल्कोहोलची झणझण होती तिथे संत्र्याची साल आणि भाजलेल्या मक्याचा वास वर आला. यामागे शास्त्रही आहे, 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं की ग्वायाकॉल नावाचा जो धुरकट वासाचा रेणू असतो तो पातळ केलेल्या व्हिस्कीत पृष्ठभागाकडे येतो आणि खूप स्ट्राँग असेल तर आत अल्कोहोलमध्ये गुंतून राहतो. लाफ्रोएगमध्ये दोन-चार थेंब टाकून हुंगून बघा, लगेच पटेल. 40 टक्क्यांवाल्यांना मात्र मी पाणी लावत नाही, त्या आधीच पातळ करून आलेल्या असतात.

नुसत्या पिण्यात रेडब्रेस्ट पहिली आली आणि ते मला शंभर टक्के मान्य आहे. सुका मेवा, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपाचा मनुक्यासारखा गोडवा, आणि घोट गेल्यावरही कितीतरी वेळ तोंडात राहणारी ती मऊ साय. आता ही एवढी चांगली आहे तर कॉकटेल अजून भारी होणार असं वाटणं साहजिकच आहे. तसं होत नाही.

आता ओल्ड फॅशन्ड. सगळ्यात साधं कॉकटेल आणि म्हणूनच सगळ्यात जास्त शिकवणारं. 1806 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्रात कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं, दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (मसाल्यांचा कडवट अर्क), बस, ओल्ड फॅशन्ड आजही तेच आहे. आम्ही 60 मिली व्हिस्की, 5 मिली साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन फटकारे, बर्फावर तीस सेकंद ढवळून, वर संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळून असं करतो. एकदा मला राहवलं नाही आणि ढवळण्याआधी व्हिस्की, पाक, बिटर्स मोजून घेतले आणि ढवळून गाळल्यावर परत वजन काट्यावर ठेवलं, जवळपास 20 ग्रॅम पाणी बर्फाचं उतरलं होतं. आता हिशोब बघा. 40 टक्क्यांची व्हिस्की असेल तर 60 मिलीत अल्कोहोल 24 मिली, सगळं मिळून 85 मिलीचं ड्रिंक, म्हणजे ग्लासात उरतं साधारण 28 टक्के. तेच 50 टक्क्यांची घेतली तर 35. हा सात टक्क्यांचा फरक जिभेला स्पष्ट कळतो, पहिल्यात साखर पुढे आणि व्हिस्की मागे, दुसऱ्यात व्हिस्की पुढे. आणि ग्लासातला बर्फ वितळत जातो तसा पहिला ग्लास दहा मिनिटांत गोड पाणी होतो, दुसरा वीस मिनिटं तग धरतो.

एवढं कळल्यावर मग वयाचं खूळ डोक्यातून गेलं. भेट आलेली एक 18 वर्षांची सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की) होती, नाव लिहीत नाही, नुसती प्यायला सुंदर. तिचं ओल्ड फॅशन्ड केलं आणि हळहळ वाटली, तो सगळा बारीक नाजूकपणा साखर आणि बिटर्सच्या खाली कुठे गेला कळलंच नाही. जास्त वर्षं म्हणजे जास्त दम असं नसतं. माझ्या मते ओल्ड फॅशन्डला वाइल्ड टर्की, दुसरा विचार नको. ज्यांना गोडसर आवडतं त्यांनी मेकर्स मार्क घ्यावी पण मग पाक निम्मा करावा, नाहीतर गोडावर गोड होतं.

बर्फाबद्दल एवढंच की मोठा ठोकळा घ्या, लहान खड्यांचा पृष्ठभाग जास्त म्हणून ते पटापट वितळतात. काचेसारखा स्वच्छ हवा असेल तर थर्मोकोलच्या जाड डब्यात झाकण न लावता पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा, वरून खाली गोठत येतं आणि हवेचे बुडबुडे सगळे तळाशी ढकलले जातात, पूर्ण गोठायच्या आत काढून तळचा पांढुरका भाग कापून टाकायचा. चवीत फार फरक नाही पडत, पण बघायला इतकं छान वाटतं की मी दर आठवड्याला करते.

मॅनहॅटनची गोष्ट जरा दुःखाची आहे. सुरुवातीचे दोन महिने आमचं मॅनहॅटन वाईटच होत होतं, व्हिस्की बदलून बघितली, प्रमाण बदललं, बिटर्स वाढवले, काही केल्या ती आंबूस, मेलेली चव जाईना, आणि बिचाऱ्या राईला आम्ही दोष देत बसलो. मग एका मैत्रिणीने नुसतं वरमुथ ग्लासात ओतून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. दोन महिने उघडी बाटली बाहेर कपाटात उभी होती! वरमुथ म्हणजे शेवटी वाइनच, थोडी स्ट्राँग केलेली आणि मसाले घातलेली, ती व्हिस्कीसारखी टिकत नाही. उघडली की फ्रीजमध्ये, आणि महिना-दीड महिन्यात संपवायची, म्हणून छोटी बाटली घ्या. नवीन बाटली आणून 60 मिली रिटनहाउस, 30 मिली गोड वरमुथ, दोन फटकारे बिटर्स असं ढवळलं आणि पहिल्या घोटाला पाचही जण गप्प. राईचा तिखटपणा वरमुथच्या गोडव्याला बरोबर कापतो, दोन्ही एकमेकांना दाबत नाहीत.

रिटनहाउसच्या लेबलवर बॉटल्ड इन बाँड असं लिहिलेलं असतं, तो 1897 चा अमेरिकन कायदा आहे, एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीतल्या गोदामात ठेवलेली आणि बरोबर 50 टक्क्यांवर भरलेली. त्या काळी व्हिस्कीत वाट्टेल ती भेसळ चालायची म्हणून केलेला. आज आपल्याला त्याचा फायदा असा की लेबलवर हे शब्द दिसले की कॉकटेलला पुरेशी ताकद आहे हे डोळे झाकून समजायचं.

आणि रेडब्रेस्टचं मॅनहॅटन? वाईट नव्हतं, पण तिची ती मनुक्याची चव आणि वरमुथची चव एकाच बाजूची, त्यामुळे ती त्यात विरघळून गेली. एवढी चांगली गोष्ट अशी झाकून टाकायला जीव होत नाही.

व्हिस्की सावरवर जास्त लिहीत नाही, लिंबू एवढं पुढे असतं की तिथे कुठलीही बर्बन चालून जाते. फक्त अंड्याचा पांढरा घालणार असाल तर आधी बर्फाशिवाय शेक करा, मग बर्फ घालून, फेस दाट येतो. अंडं अर्थातच ताजं हवं.

पेनिसिलिन नावाचं कॉकटेल मात्र करून बघाच. न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी बारमध्ये सॅम रॉस या बारटेंडरने 2005 च्या सुमारास बनवलं, म्हणजे तसं अलीकडचं. मंकी शोल्डर 60 मिली, लिंबाचा रस 20-25 मिली, तेवढाच मध-आल्याचा पाक, शेक करून बर्फावर गाळायचं आणि वर चमच्याच्या पाठीवरून अलगद 5-7 मिली लाफ्रोएग सोडायची, ढवळायची नाही. ग्लास तोंडाशी नेला की आधी शेकोटीचा धूर, मग मध, मग आलं घशात चढतं. आमच्यातला जो कॉकटेलला व्हिस्कीचा अपमान म्हणतो त्याचं मत अजूनही तेच आहे, पण पेनिसिलिन असलं की तोही घेतो. आणि लाफ्रोएग नुसती ज्यांना झेपत नाही (माझी नणंद त्यातली, तिला आयोडीनचा वास येतो म्हणते) त्यांनाही अशी आवडते. सहापैकी दोन व्हिस्क्या एकाच ग्लासात आपापलं काम करताना दिसतात, एक खालून आधार देते, दुसरी फक्त नाकासाठी.

हायबॉल उकाड्यातलं. एक भाग व्हिस्की, तीन भाग सोडा, सगळं आधीच गार करून ठेवलेलं, आणि एकदाच हलकं ढवळायचं, जास्त ढवळलं की सोड्याचा जीव जातो. इथे मंकी शोल्डर बेस्ट, आणि इथे 40 टक्केवाली मागे पडली नाही, उलट 50 वाल्या कडवट लागल्या.

आठ महिन्यांत अजून एक कळलं, बाटली निम्म्याखाली गेली की आतली हवा व्हिस्कीला हळूहळू बदलते. लाफ्रोएगचा धूर पहिल्या दिवसाइतका आता राहिलेला नाही, वाइल्ड टर्की मात्र उघडल्यावर महिनाभराने उलट जास्त मोकळी, गोड लागायला लागली. वाइनसारखी खराब होत नाही, घाबरू नका, फक्त आडवी ठेवू नका, कॉर्क भिजून कुजतं. आमच्या एका बाटलीचं कॉर्क तर उघडताना अर्धं आतच तुटलं, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून सगळी गाळून घ्यावी लागली.

सध्या रिटनहाउसची दुसरी बाटली अर्ध्यावर आलीये, वाइल्ड टर्कीची दुसरी कालच उघडली. मेकर्स मार्क संपली, ती परत आणायची की तिच्या जागी अजून एक राई घेऊन दोन राई समोरासमोर ठेवायच्या यावर मतदान व्हायचंय. रेडब्रेस्टची पहिलीच बाटली अजून चार बोटं शिल्लक आहे, ती छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवलीये, बर्फ आणि वरमुथपासून लांब.