बेल्ट बदलण्याआधी ‘का झिजला?’ विचारणारं गॅरेज

माझी डिझेल गाडी सोळा वर्षांची. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडझाप व्हावेत म्हणून असलेला दातेरी पट्टा) बदलून जेमतेम ३१,००० किलोमीटर झाले होते आणि गाडीच्या पुस्तकात ९०,००० लिहिलंय. तरी सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या पुढच्या बाजूने बारीक सूं-सूं यायचं. आधीच्या गॅरेजात उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे, आवाज येणारच." म्हणून मग इथे आले.

इथल्या मिस्त्रींनी वरचं कव्हर काढून टॉर्च मारला. आत सगळीकडे काळी भुकटी, पेन्सिलीला टोक केल्यावर पडते तशी. बेल्टची इंजिनाकडची कड उसवून धागे बाहेर आलेले. मला वाटलं, लगेच नवा बेल्ट सांगतील. ते म्हणाले, "ताई, दात शाबूत आहेत, पाठीवर भेगा नाहीत, फक्त कड खाल्लीय. बेल्ट म्हातारा झालेला नाही, वाकडा चालतोय. मागच्या वेळी बेल्टबरोबर काय काय बदललं होतं?"

काहीच नाही. बिलावर एकटा बेल्ट होता.

कॅम आणि क्रँक हे बेल्टने जोडलेले इंजिनाचे दोन दांडे; त्यांच्या ऑइल सीलखाली, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांखाली, त्यांनी बोट फिरवलं, कोरडं निघालं. तेल गळत असतं तर रबर फुगून मऊ पडलं असतं. मग पान्याने क्रँक हळूहळू फिरवला आणि बेल्ट एका बाजूला सरकताना मला स्वतःला दिसला. बेल्ट उतरवून टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) हाताने फिरवून पाहिले, दोन्ही ठीक. वॉटर पंपाची पुली मात्र खालीवर हलत होती. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट झिरपून वाळलेला गुलाबी ओघळही होता. पंप फिरतो याच बेल्टवर. बेअरिंग खिळखिळं झालं, पुली कलली, बेल्ट कडेला घासत राहिला. नुसता बेल्ट बदलला असता तर तोही असाच गेला असता.

"गाडी इथेच ठेवा" म्हणाले तेव्हा, खरं सांगते, गिऱ्हाईक अडकवतायत असंच वाटलं. पण या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि ती हलणारी पुली तर मी बोटांनी हलवून पाहिली होती. गपचूप किल्ली दिली.

पंप, टेन्शनर, आयडलर, बेल्ट, सगळं नवं टाकलं. किल्ली लावण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून टायमिंगच्या पिना (दोन्ही दांडे नेमक्या जागी असले तरच भोकात बसणाऱ्या) पुन्हा बसतात का ते पाहिलं. काढलेले पार्ट न मागता खोक्यात घालून दिले.

आता कुरकूर. एक दिवस म्हणून तीन दिवस लावले, मध्ये एक फोन नाही. दारावर ग्रीसचा पंजा. आणि खालच्या कव्हरची एक क्लिप हरवली, त्यामुळे खड्ड्यात ते खडखडतं.

२,००० किलोमीटरनंतर त्यांनीच सांगितल्याप्रमाणे दाखवायला नेली. बेल्ट पुलीच्या मधोमध चालतोय, कव्हरच्या आत बोट फिरवलं तर काळं लागलं नाही. क्लिप मात्र अजून आलेली नाही.