कोल्हापुरातला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ: गाणं चांगलं, मधला पीस फसलेला

गायकाचा आवाज स्वच्छ येतो, पण अंतऱ्याआधीचा वाद्यांचा पीस ऐकवत नाही. बेंजोची वायर थेट मिक्सरमध्ये, डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) नाही, अर्थिंगही कच्चं. त्यामुळे तारा थांबल्या की ५० हर्ट्झची घरघर सुरू. पेटीचा मधला ए हा सूर ४४२ हर्ट्झवर आणि कीबोर्डचा ४४० वर, म्हणजे तो सूर एकत्र लागला की आवाजाला सेकंदाला २ हेलकावे. कीबोर्डची शहनाई तर पिच बेंडला (सूर वर-खाली सरकवणाऱ्या चाकाला) हात न लावता वाजवलेली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, नुसता रिक्षाचा हॉर्न! हलगी मात्र नादखुळा. पावसाळ्यात प्रत्येक टेकआधी शेकून घेतात.

जाणार असाल तर डीआय बॉक्स सोबत न्या. पेटी जागेवर ट्यून होत नाही, तेव्हा कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग (सगळे सूर एकदम वर-खाली करायची सोय) तिच्यावर जुळवायला लावा.