ओट्यापासून सड्यापर्यंत: दुमडणाऱ्या प्लॅस्टिक स्टुलाचा एका वर्षाचा अनुभव

दुमडल्यावर जेवणाच्या ताटाएवढे दिसणारे आणि वर ओढून उघडल्यावर साधारण ४५ सेंटिमीटर उंच होणारे प्लॅस्टिकचे स्टूल मी गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन ८४९ रुपयांना मागवले. त्याचे वजन सुमारे एक किलो असून खांद्याला अडकवण्यासाठी त्याला पट्टा आहे. प्रवासात, मासेमारीच्या वेळी किंवा रांगेत उभे राहताना उपयोगी पडेल, अशी त्याची जाहिरात होती. मी मात्र ते गुडघ्यांसाठी घेतले, आणि गुडघेदुखीच्या माणसाला ते घरात व घराबाहेर कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

माझ्या दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज, आहे. झिजलेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) पुन्हा भरून येत नाही, त्यामुळे मांडीचे स्नायू बळकट ठेवणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि उकिडवे बसणे टाळणे, हेच माझ्या उपचाराचे मुख्य सूत्र आहे. यांतील तिसरी गोष्ट सांगायला सोपी आहे. प्रत्यक्षात आपले निम्मे घरकाम आणि माझा एकुलता एक छंद, ही दोन्ही कामे उकिडवे बसूनच करावी लागतात. छंद आहे सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावरची, रानफुले पाहण्याचा आणि त्यांची छायाचित्रे काढण्याचा. साताऱ्यात राहत असल्यामुळे कासचे पठार जवळ आहे. पण गर्दीमुळे मी सज्जनगड, ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या सड्यावर जाणे अधिक पसंत करते. जांभ्या दगडावरील मातीच्या पातळ थरात उगवणारी ही फुले माणसाला नमवल्याशिवाय दर्शन देत नाहीत. सीतेची आसवे नावाची फुले वीतभर उंचीचीही नसतात आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवरचे चिकट, चकाकणारे थेंब पाहायचे तर नाक जवळजवळ जमिनीला टेकवावे लागते. उकिडवे बसल्यावर गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. अशी चाळीस फुले पाहिल्यानंतर घरी परतून रात्रीचा स्वयंपाक करणे मला अशक्य होत असे.

आता स्टुलाच्या रचनेकडे वळते. एकात एक बसणारी प्लॅस्टिकची कडी, हीच त्याची सगळी यंत्रणा आहे. वरची बैठक ओढून किंचित फिरवली की प्रत्येक कड्याचे दाते खालच्या कड्याच्या खाचेत अडकतात. हवी तेवढीच कडी उघडून मधली उंची ठेवता येते, आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. सगळे दाते नीट बसल्याची खात्री हाताने दाबून करून घ्यावी लागते. पहिल्याच आठवड्यात मी ती केली नाही, तेव्हा एक कडे खटकन खाली उतरले आणि मी दोन बोटे खाली आले. पडले नाही, पण त्या झटक्याने उजवा गुडघा दोन दिवस बोलत राहिला. खोक्यावर १८० किलो वजन पेलण्याचा दावा छापलेला आहे. माझे वजन ६८ किलो असल्याने त्याची परीक्षा घेण्याची वेळ आलेली नाही. मिटवताना बोट मध्ये सापडू शकते, म्हणून लहान मुलांच्या हाती ते देऊ नये.

घरात मला सर्वाधिक निराश केले ते स्वयंपाकाच्या ओट्याने. आमचा ओटा ८४ सेंटिमीटर उंच आहे आणि या स्टुलावर बसले की माझे कोपर ओट्याच्या कडेच्याही खाली राहते, त्यामुळे पोळ्या लाटताना खांदे वर ओढले जाऊन मान दुखू लागते. ओट्याशी बसून काम करायचे असेल तर किमान ६० ते ६५ सेंटिमीटर उंचीचे, पाय टेकवायला आडवी दांडी असलेले स्टूल घ्यावे. मी वेगळा मार्ग काढला. जेवणाचे टेबल ७५ सेंटिमीटर उंच आहे, त्यावर पोळपाट ठेवला की हे स्टूल अगदी मापाचे ठरते. टेबलापासून तव्यापर्यंत सहा पावलांचे अंतर असल्यामुळे भाजण्याचे काम आपोआप यजमानांकडे गेले. (सासूबाईंचे म्हणणे असे की, “बसूनच लाटायचंय तर खाली मांडी घाल की.” त्यांचे गुडघे ऐंशीव्या वर्षीही शाबूत आहेत.)

याउलट, जिथे वाकावे किंवा खाली बसावे लागते तिथे या स्टुलाने स्वतःची किंमत वसूल केली. ओट्याखालच्या कप्प्यांतील डबे काढणे, पुढून उघडणाऱ्या धुलाईयंत्रातून कपडे बाहेर काढणे, देवघर पुसणे, कुंड्यांतील माती उकरणे आणि मेथीची जुडी निवडणे, ही कामे मी आता कमी-जास्त उंचीवर बसून करते. न्हाणीघरात मात्र ते नेऊ नये. तळ गुळगुळीत असल्याने ओल्या फरशीवर ते सरकते. फरशी पुसण्याच्या कामात त्याचा काहीही उपयोग नाही, त्यासाठी लांब दांड्याच्या पोछ्याला पर्याय नाही.

एक गोष्ट कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही, पण ती इथे नोंदवणे आवश्यक वाटते. रविवारी सड्यावर जायचे असेल तर शनिवारी घरातील सगळी कामे उरकून टाकायची, अशी माझी जुनी सवय होती. जणू बाहेर जाण्याची परवानगी स्वतःच कमवायची असे. त्याचा परिणाम असा होई की, रविवारी सकाळी गुडघे सुजलेले असत आणि गेलेच तर सोमवार-मंगळवार अंथरुणात जात असे. काम दुखेपर्यंत रेटायचे नाही, घड्याळ लावून वीस मिनिटांनी थांबायचे, हे मला भौतिकोपचारतज्ज्ञांनी (फिजिओथेरपिस्टनी) फार पूर्वी सांगितले होते. परंतु थांबायचे म्हणजे बैठकीच्या खोलीत जाऊन सोफ्यावर बसायचे आणि खोल सोफ्यातून पुन्हा उठताना कळ सोसायची, म्हणून मी थांबतच नसे. स्टूल हाताशी असल्यामुळे कामाच्या जागीच बसता येऊ लागले आणि उठणेही सोपे झाले, कारण बैठक गुडघ्यामागच्या खळगीपेक्षा किंचित उंच असली की उठताना गुडघ्यावर ताण कमी पडतो. वेदना कमी झाल्या असे मी म्हणणार नाही. त्या आठवडाभरात अधिक समान विभागल्या गेल्या, एवढेच, आणि त्यामुळे गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मला सलग पाच रविवार सड्यावर जाता आले.

सड्यावरचा अनुभव संमिश्र आहे. २५ सेंटिमीटर उंचीवर ठेवले तर फुलांच्या अगदी जवळ जाता येते, पण तेवढ्या खालून उठणे मला कोणाचा तरी हात धरल्याशिवाय जमत नाही. बरीच खटपट केल्यावर ३५ सेंटिमीटरच्या आसपासची उंची, फिरवता येणाऱ्या पडद्याचा कॅमेरा आणि उठताना टेकायला ट्रेकिंगची काठी, असा मेळ बसला. ही काठी उतारावरही सोबत असतेच. उतरताना दोन काठ्या वापरल्यास गुडघ्यावरील भार १२ ते २५ टक्क्यांनी घटतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. स्टुलाचा तळ गोल आणि सलग असल्यामुळे खडबडीत जांभ्यावर ते डुगडुगते. तीन पायांचे कापडी स्टूल अशा जागी अधिक स्थिर बसते, मात्र त्याचे कापड खाली झोळते, बूड गुडघ्यांपेक्षा खोल जाते आणि मऊ मातीत पाय रुततात, म्हणून ते मी परत केले. शिवाय हा गोल तळ फुलांवर ठेवला तर ताटाएवढ्या जागेतील सगळे चिरडले जाते. उघडा कातळ किंवा पायवाट सोडून इतरत्र स्टूल मांडू नये, मग ते फूल कितीही दुर्मिळ असो.

देखभालीच्या बाबतीत हे स्टूल कटकटीचे आहे. सड्यावरची लाल माती आणि खडे कड्यांच्या फटींत जाऊन बसतात, आणि मग ते धड उघडतही नाही, धड मिटतही नाही. घरी आल्यावर पूर्ण उघडून नळाखाली धरावे, जुन्या दातघासणीने खाचा साफ कराव्यात आणि सावलीत वाळवावे. दुपारच्या उन्हात गच्चीवर विसरलेल्या माझ्या स्टुलाचा रंग एका उन्हाळ्यात फिका पडला. बैठक कठीण आहे, पाऊण तासानंतर खाली घडी केलेला पंचा लागतोच. पाठीला आधार नसल्यामुळे ज्यांची मूळ तक्रार कंबरेची आहे, त्यांनी हे घेऊ नये.

मातीने माखलेले स्टूल घासून वाळेपर्यंत सोमवारी सकाळी पोळ्यांच्या वेळी ते हाताशी नसे, म्हणून जूनमध्ये मी तसेच दुसरे मागवले. जुने आता गाडीच्या डिकीत काठीशेजारी पडून असते आणि नवे जेवणाच्या टेबलाखाली.