३.२ च्या भावात ३.८४ टीबी: सर्व्हरच्या एसएसडीत झालेली फसवणूक

भोसरीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. ईआरपीचा (कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, त्याचे लॉग, काही व्हर्च्युअल मशीन आणि रात्रीचा बॅकअप धरून एकेका एसएसडीवर, म्हणजे फ्लॅश चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवर, दिवसाला साधारण ५ टीबी लिहिलं जातं. त्यामुळे कोटेशन मागवताना आम्ही मोघम काही ठेवलं नव्हतं: एनव्हीएमई (वेगवान जोडणीचा प्रकार), यू.२ (सर्व्हरच्या ड्राइव्हचा एक साचा), ३.२ टीबी, ३ डीडब्ल्यूपीडी (ड्राइव्ह किती लिखाण सोसेल त्याचं माप), नवा माल, उत्पादकाची पाच वर्षांची वॉरंटी, चार नग.

मुंबईच्या एका विक्रेत्याचा भाव बाकीच्यांपेक्षा कमी होता, पण संशय यावा इतकाही कमी नाही. ऑर्डर गेली, आणि माल निघायच्या सुमारास त्याचा फोन आला. "सर, ३.२ चा स्टॉक संपला. तुमच्यासाठी ३.८४ पाठवतोय, त्याच भावात. कंपनी तीच, सिरीज तीच." आमचा खरेदी विभाग खूश. जागा जास्त आणि पैसे तेवढेच, मग नाही कोण म्हणणार?

सगळी गोम या जादा जागेत आहे. डीडब्ल्यूपीडी म्हणजे वॉरंटीच्या मुदतीत रोज पूर्ण ड्राइव्ह किती वेळा भरून लिहिता येईल तो आकडा. एनव्हीएमई ड्राइव्हच्या बऱ्याच सिरीजमध्ये ३.८४ आणि ३.२ टीबी हे मुळात एकाच हार्डवेअरचे दोन अवतार असतात. उदाहरणार्थ मायक्रॉनच्या ७४५० मालिकेत 'प्रो' ३.८४ टीबीचा आणि १ डीडब्ल्यूपीडीचा, तर 'मॅक्स' ३.२ टीबीचा आणि ३ डीडब्ल्यूपीडीचा. आतली फ्लॅश जवळपास तेवढीच. फरक एवढाच की 'मॅक्स'मध्ये मोठा हिस्सा आपल्याला दिसत नाही, तो कंट्रोलरच्या, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपच्या, हाताशी राखीव असतो. मोकळे ब्लॉक (फ्लॅशचे कप्पे) भरपूर असले की जुना डेटा इकडून तिकडे हलवण्यात कमी लिखाण खर्ची पडतं आणि फ्लॅश जास्त टिकते.

आता हिशेब मांडा. ३.८४ टीबी, १ डीडब्ल्यूपीडी, पाच वर्षं: सुमारे ७,००० टीबी. ३.२ टीबी, ३ डीडब्ल्यूपीडी, पाच वर्षं: सुमारे १७,५०० टीबी. आमच्या ५ टीबी रोजच्या मारात पहिला ड्राइव्ह चार वर्षांच्या आतच हमीबाहेर जातो, दुसरा नऊ वर्षांहून जास्त पुरतो. म्हणजे पाचवा भाग जागा वाढवून मिळाली आणि निम्म्याहून जास्त आयुष्य काढून घेतलं गेलं. (साटा या जुन्या जोडणीच्या ड्राइव्हमध्ये ९६० जीबी किंवा ३.८४ टीबीलाही ३ डीडब्ल्यूपीडी असलेली मॉडेल आहेत, तेव्हा नुसत्या क्षमतेवरून निकाल लावू नका. पूर्ण पार्ट नंबर उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा.)

हे सगळं विक्रेत्याला सांगितल्यावर उत्तर तयार होतं: "मग ३.२ चंच पार्टिशन करा ना सर, तेच झालं." अशी अर्धी खरी वाक्यं फार महागात पडतात. काही जागा कधीच न वापरता सोडली तर झीज कमी होते हे खरं. पण वॉरंटी १ डीडब्ल्यूपीडीचीच राहते. शिवाय हा सल्ला नव्या ड्राइव्हपुरता. आमचे तर नवेही नव्हते.

ते कळायला वेळ लागला, कारण वरवर सगळं चोख होतं. पाकीट सीलबंद, लेबल चकचकीत, वेगाच्या चाचणीत बरोबर आकडे. स्मार्ट अहवालात, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या वापराची जी नोंद ठेवतो तिच्यात, चालू तास जवळजवळ शून्य, लिहिलेला डेटा नगण्य. खटकली ती कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवरची ओरखड्यांची रेघ. सीरियल नंबर उत्पादकाच्या साइटवर टाकला तर उत्तर आलं की हा माल सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीला पुरवलेला आहे, याची वॉरंटी आम्ही थेट देत नाही. पाच वर्षांची वॉरंटी म्हणजे विक्रेत्याच्याच लेटरहेडवरचा कागद निघाला.

मग आतला लॉग काढला. डेटासेंटरसाठी बनलेल्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये नेहमीच्या स्मार्टशिवाय ओसीपी या डेटासेंटर हार्डवेअरच्या खुल्या प्रकल्पाने ठरवलेला सी-झिरो हा वेगळा लॉग असतो. लिनक्सवर एनव्हीएमई-सीएलआय या प्रोग्रॅमच्या ओसीपी प्लगइनने तो वाचता येतो. त्यात प्रत्यक्ष फ्लॅशवर किती लिहिलं गेलं, ब्लॉक किती वेळा पुसले गेले, किती ब्लॉक बाद झाले हे दिसतं. जेमतेम काही तास चाललेल्या म्हणवणाऱ्या ड्राइव्हमध्ये पुसण्याच्या फेऱ्या शेकड्यांत होत्या. जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवतात तसा प्रकार, फक्त आतलं दुसरं मीटर फिरवायचं राहून गेलं होतं.

२०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हाही असंच झालं होतं. स्मार्टचे आकडे पुसलेले, पण 'फार्म' नावाच्या आतल्या नोंदीत हजारो तास शाबूत. तो माल चिया या क्रिप्टो चलनाच्या 'शेती'तून, म्हणजे डिस्क फाइलींनी भरून चलन कमावण्याच्या धंद्यातून, आल्याचा संशय होता. एसएसडीला तर चियाने आणखीच पिळलं: सुरुवातीच्या काळात शंभरेक जीबीची एक फाइल तयार करायला तात्पुरतं दीडेक टीबी लिहावं लागायचं.

मालक म्हणाले, परत कशाला पाठवता, बॅकअप घेऊन कपाटात ठेवू. तेही बरं नव्हे. हमीचं लिखाण संपलेल्या एंटरप्राइझ एसएसडीकडून वीज नसताना ४० अंशांना फक्त तीन महिने डेटा टिकण्याची अपेक्षा जेडेक या चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात आहे. घरगुती ड्राइव्हला ती ३० अंशांना एक वर्ष आहे.

ग्राहक आयोगाकडे जायचा विचार वकिलांनी सोडायला लावला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. नोटीस गेली ती १९३० च्या माल विक्री कायद्याखाली: कलम १५ प्रमाणे माल वर्णनाबरहुकूम हवा. मात्र कलम ४२ ध्यानात ठेवा. वाजवी मुदतीत नकार कळवला नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून ड्राइव्ह येताच तपासा, लॉगची प्रत काढा आणि नकार फोनवर नको, ईमेलवर द्या. आमच्या पीओत (खरेदीच्या लेखी ऑर्डरमध्ये) ३.२ टीबी आणि ३ डीडब्ल्यूपीडी लिहिलेलं होतं आणि बदली मालाला लेखी होकार कुणी दिला नव्हता, त्यावरच प्रकरण उभं राहिलं.

बऱ्याच ओढाताणीनंतर वाहतूक खर्च कापून पैसे आले. क्रेडिट नोटवर कारण लिहिलं होतं: "ग्राहकाचा विचार बदलला." चारही ड्राइव्ह आता त्याच्याकडे परत गेले आहेत आणि ते भंगारात जातील असं मला तरी वाटत नाही. तेव्हा कुणी ३.२ च्या भावात ३.८४ देऊ केला, तर पैसे सोडण्याआधी सीरियल नंबर आणि सी-झिरो लॉग मागा.